घरी लावलेलं प्रोबायोटिक दही तिसऱ्या-चौथ्या खेपेला बिघडतं आणि पोटालाही फरक पडत नाही: काय तपासायचं, काय बदलायचं

तक्रार साधारण अशी असते. प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी म्हणून खास जिवाणू मिसळलेल्या, दह्याचा डबा आणला, त्यातलं थोडं विरजण म्हणून वापरलं आणि पहिलं दही छान घट्ट, कवडीदार लागलं. दुसरंही बरं लागलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून मात्र ते कधी आंबटढाण होतं, कधी चमच्याला तार सुटते, तर कधी वर पाणी साचतं. नवा डबा आणून पुन्हा सुरुवात केली की पुन्हा तोच क्रम. आणि ज्या पोटफुगीसाठी, गॅससाठी हा सगळा खटाटोप चालला आहे, ती जिथल्या तिथे.

यात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र मिसळल्या आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. दही लागलं म्हणजे दुधात पुरेसं आम्ल तयार झालं, एवढंच कळतं. त्यात कोणते जिवाणू आहेत, किती आहेत आणि ते तुमच्या तक्रारीवर उपयोगी पडणारे आहेत का, हे दह्याच्या घट्टपणावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. हे एकदा ध्यानात आलं की पुढचा शोध बराच सोपा होतो.

डब्यात मुळात कोण असतं

योगर्ट बनतं ते दोन जिवाणूंच्या जोडीनं: स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकीची बल्गेरिकस ही उपप्रजाती. यातला बल्गेरिकस स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन डॉक्टरानं १९०५ मध्ये जिनिव्हात दह्यातून शोधला. या दोघांचं एकमेकांशी चांगलं जमतं. थर्मोफिलस आधी वाढतो आणि फॉर्मिक आम्ल व कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यावर बल्गेरिकस जोम धरतो. बल्गेरिकस दुधातली प्रथिनं तोडतो आणि त्यातून सुटणारे छोटे तुकडे थर्मोफिलसच्या वाढीला लागतात. म्हणून ही जोडी दुधात झपाट्यानं वाढते आणि चार ते सहा तासांत दही लावते.

डब्यावर ज्यांचं नाव ठळक असतं ते प्रोबायोटिक, म्हणजे लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस, बिफिडोबॅक्टेरियम ॲनिमॅलिसची लॅक्टिस ही उपप्रजाती किंवा लॅक्टिकॅसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, हे वरून मिसळलेले असतात. (ऱ्हॅम्नोससचं नाव जुन्या डब्यांवर लॅक्टोबॅसिलस असंच दिसेल. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस हा जिवाणूंचा मोठा गट (जीनस) फोडून त्यातून २३ नवे गट केले गेले. जिवाणू तेच आहेत.) या पाहुण्यांना दुधात तितकंसं मानवत नाही. प्रथिनं तोडण्याची त्यांची ताकद कमी, त्यामुळे वाढ संथ. बिफिडोबॅक्टेरियमना तर ऑक्सिजन सोसत नाही. त्यातल्या त्यात लॅक्टिस जरा काटक आहे, म्हणून तो इतक्या डब्यांवर दिसतो.

आता विरजणाचं गणित मांडून पाहा. एक लिटर दुधात २० ग्रॅम विरजण घातलं की त्यातला प्रत्येक जिवाणू ५० पट विरळ होतो. दही लागेपर्यंत योगर्टची जोडी ५० पट वाढून पूर्ववत होते. समजा प्रोबायोटिक जिवाणू तेवढ्या वेळात फक्त पाचपट वाढला, तर प्रत्येक खेपेला तो आधीच्या दहाव्या हिश्श्यावर येणार. मूळ डब्यात ग्रॅममागे १ कोटी असतील, तर पहिल्या घरच्या दह्यात १० लाख, दुसऱ्यात १ लाख, तिसऱ्यात १० हजार. डब्यावर ज्या जिवाणूचं नाव छापलं आहे, तो ग्रॅममागे किमान १० लाख असावा असं कोडेक्स हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. म्हणजे तिसऱ्या खेपेला दही झकास लागलेलं असलं, तरी त्याला प्रोबायोटिक म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. पाचपट हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. खरा आकडा जिवाणूच्या वाणावर (एकाच जातीतल्या विशिष्ट प्रकारावर), तापमानावर आणि दुधावर अवलंबून असतो, पण घसरणीची दिशा हीच राहते.

त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे. विशिष्ट प्रोबायोटिक वाण हवा असेल तर मूळ डब्यातलंच खा, किंवा दर वेळी त्या वाणाचं कोरडं विरजण नव्यानं वापरा. घरच्या दह्याला दही म्हणूनच वागवा. ते खाण्याचे स्वतःचे फायदे आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

दही बिघडतंय: कारण कसं पकडायचं

पहिली पायरी म्हणजे थर्मामीटर. बोट बुडवून पाहण्याचा अंदाज रोज वेगळा येतो आणि बऱ्याच तक्रारी तापमानाशी जोडलेल्या असतात.

दूध नुसतं एक उकळी आणून उतरवू नका. ते ८५ अंश सेल्सिअसला अर्धा तास किंवा ९० अंशांच्या वर पाच ते दहा मिनिटं राहू द्या. एवढ्या उष्णतेनं दुधाच्या निवळीतली प्रथिनं उलगडून केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाच्या कणांना चिकटतात. पुढे आम्लता वाढून पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या आसपास आला की केसिन एकमेकांत गुंफतं आणि ही चिकटलेली प्रथिनं त्या जाळीत पाणी धरून ठेवतात. दही दर वेळी पातळ लागत असेल आणि कापलेल्या कवडीत लगेच पाणी साचत असेल, तर विरजणाला दोष देण्याआधी ही पायरी नीट करून बघा. तापवण्यानं दुधात विरघळलेला ऑक्सिजनही निघून जातो आणि ते जिवाणूंच्या पथ्यावर पडतं.

मग दूध ४३ अंशांपर्यंत निवू द्या आणि तेव्हाच विरजण घाला. गडबडीत गरम दुधात विरजण घातलं तर एक फसवी गोष्ट होते. थर्मोफिलस बराच चिवट आहे, ६० अंशांच्या आसपासही तो काही काळ तग धरू शकतो. बाकीचे मात्र मरतात किंवा अर्धमेले होतात. दही लागतं, थोडं उशिरा लागतं, चव सपक येते, आणि आपण समजतो की सगळं ठीक आहे. पुढच्या खेपेला त्याच दह्यातून विरजण घेतलं की जोडीतला एकच भिडू पुढे जातो. खेपेगणिक दही मिळमिळीत होत असेल तर इथे शोधा.

उलट बाजूनं, भांडं ३५ अंशांच्या खाली राहिलं तर बल्गेरिकस मागे पडतो आणि दुसऱ्या कोमट तापमानात रमणाऱ्या जिवाणूंना वाव मिळतो. तार सुटण्याची तक्रार बहुतेक इथूनच सुरू होते. चमचा दह्यात बुडवून हळू वर उचला. दही तुकड्यानं तुटून पडलं तर ठीक. चमच्याखाली सुतासारखा धागा लोंबत राहिला आणि बोटभर लांब होऊन मग तुटला, तर जिवाणूंनी भरपूर बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या लांब चिकट साखळ्या, तयार केल्या आहेत. यात घाबरण्यासारखं काही नाही. काही विरजणांत हा गुण दाटपणासाठी मुद्दाम ठेवलेला असतो, आणि वास-चव स्वच्छ असेल तर असं दही खायला हरकत नाही. पण आधी तार नव्हती आणि आता येऊ लागली असेल तर विरजणाचा समतोल बदलला, असं समजा. तापमान ४२ अंशांवर धरून एक-दोन खेपा लावून पाहा. तार कमी झाली नाही तर नवं विरजण घ्या.

आंबटपणाचं कारण बहुधा वेळ असतं. रात्री लावलेलं दही सकाळी उशिरापर्यंत उबेत ठेवलं की पीएच ४ च्याही खाली उतरतो. बल्गेरिकसला आम्ल बऱ्यापैकी सोसतं, म्हणून तो शेवटपर्यंत काम करत राहतो आणि त्यापुढच्या विरजणात त्याचाच वरचष्मा होतो. मग पुढचं दही आणखी आंबट. हे चक्र तोडायचं तर भांडं हलकेच कलवून बघा. दही काठापासून एकसंध सुटत असेल आणि हिंदकळत नसेल, तर तिथेच थांबवा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. पीएचच्या कागदी पट्ट्या मिळत असतील तर साडेचारच्या आसपास थांबायचं. विरजणही बेतानं घाला. लिटरला २० ते ३० ग्रॅम पुरे. दही लवकर लागावं म्हणून दुप्पट घातलं की ते रवाळ होतं, पाणी सोडतं आणि आंबटही होतं. पुढच्या खेपेचं विरजण दही लागल्याबरोबर स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत वेगळं काढून ठेवा आणि चार-पाच दिवसांत वापरा. खाऊन उरलेल्या, चार वेळा चमचा घातलेल्या दह्यातलं विरजण घेतलं की प्रत्येक खेपेत थोडी यीस्ट शिरते.

यीस्टची खूण ओळखता आली पाहिजे. काचेच्या भांड्यात दही लावलं असेल तर बाहेरून बघा: कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं, मधूनच फुटलेली भेग, झाकण उघडताना किंचित फुस्स आवाज आणि दारूसारखा किंवा पावासारखा वास. असं दही टाकून द्या आणि त्यातलं विरजण वापरू नका. बुरशीचा ठिपका, गुलाबी किंवा केशरी झाक, कुजकट वास यातलं काहीही दिसलं तर वरचा थर काढून खालचं खाण्याचा मोह नको. भांडी उकळत्या पाण्यातून काढा आणि नव्या विरजणानं सुरुवात करा.

कधी दही लागतच नाही आणि तापमान, वेळ सगळं बरोबर असतं. तेव्हा दुधावर किंवा विरजणावर संशय घ्यावा लागतो. दुधात प्रतिजैविकांचा अंश असेल तर थर्मोफिलस लगेच मान टाकतो. पेनिसिलिनच्या बाबतीत तो फारच हळवा आहे. दुसरी शक्यता बॅक्टेरियोफाज, म्हणजे जिवाणूंवर जगणारे विषाणू. दुग्धउद्योगातली ही जुनी डोकेदुखी आहे. ते पाश्चरीकरणातूनही वाचू शकतात, म्हणून मोठ्या कारखान्यांत विरजणाचे वाण आलटून पालटून वापरतात. घरी याची उलटतपासणी सोपी आहे. चार छोट्या वाट्या घ्या. जुनं दूध जुनं विरजण, जुनं दूध नवं विरजण, नवं दूध जुनं विरजण, नवं दूध नवं विरजण. चारही एकाच उबेत ठेवा. जुन्या दुधाच्या दोन्ही वाट्या फसल्या तर दोष दुधाचा, जुन्या विरजणाच्या दोन्ही फसल्या तर विरजणाचा. चारही फसल्या तर उबेची जागा किंवा थर्मामीटर तपासा.

फ्रिजमध्येही गोष्टी थांबत नाहीत. ४ अंशांना बल्गेरिकस संथपणे आम्ल करतच राहतो, शिवाय तो थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो आणि त्याचा फटका ॲसिडोफिलसला बसतो. म्हणून विकतचा प्रोबायोटिक डबा मुदतीच्या शेवटी घेण्यापेक्षा ताजा घेणं शहाणपणाचं. फ्रिजच्या दारात तापमान सतत वरखाली होतं, डबा आतल्या बाजूला ठेवा.

पोटाला फरक पडत नाही: इथे काय तपासायचं

आधी डबा वाचा. आंबवल्यानंतर पुन्हा तापवलेलं दही जास्त टिकतं, पण त्यात जिवंत जिवाणू उरत नाहीत. जिवंत असल्याचा उल्लेख, वाणाचं पूर्ण नाव आणि त्यापुढचा सांकेतिक क्रमांक, आणि मुदत संपेपर्यंत किती जिवाणू असतील तो आकडा, एवढं छापलेलं असेल तर त्या उत्पादनावर जास्त भरवसा ठेवता येतो. नुसतं प्रोबायोटिक असं लिहिलेलं पुरेसं नाही. एकाच जातीच्या दोन वाणांचे परिणाम वेगळे असू शकतात, आणि एका वाणावर झालेला अभ्यास दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटानं केलेली व्याख्याही अटी घालते: जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात घेतले तर, आरोग्याला लाभ देणारे. यातली एक अट सुटली तरी नाव लागू होत नाही.

मग खाण्याची रीत. गरम पदार्थात घालून उकळलेल्या दह्यातून प्रथिनं आणि कॅल्शियम मिळतं, जिवंत जिवाणू मिळत नाहीत.

त्यानंतर सर्वात महत्त्वाचा प्रश्न: तक्रार नेमकी कसली आहे? दूध प्यायल्यावर तास-दोन तासांत पोट फुगत असेल, गुडगुडत असेल, जुलाब होत असतील, तर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नसण्याची शक्यता मोठी आहे आणि इथे दह्याचा फायदा खरोखर पक्का आहे. आंबताना दुधातलं २० ते ३० टक्के लॅक्टोज संपतं. उरलेल्याचं काम जिवाणूंच्या पोटातला लॅक्टेज हा लॅक्टोज तोडणारा एन्झाइम करतो. हा एन्झाइम पेशीच्या आवरणात असल्यामुळे जठरातल्या आम्लातून वाचतो आणि लहान आतड्यात पित्तानं ते आवरण सैल झालं की लॅक्टोज तोडायला लागतो. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१० मध्ये हा दावा मान्य केला, तोही ग्रॅममागे किमान १० कोटी जिवंत जिवाणू या अटीवर. आणि हे काम करते ती योगर्टची साधी जोडीच. त्यासाठी महागडा प्रोबायोटिक डबा लागत नाही, नीट लावलेलं ताजं घरचं दही चालतं.

दूध बाधतं पण दही बाधत नाही, असं असेल तर उत्तर मिळालंच. दहीही बाधत असेल तर प्रमाण अर्ध्यावर आणून बघा, आणि विकतच्या डब्यात साखर, फळांचा गर किंवा इन्युलिनसारखे तंतू घातले आहेत का ते पाहा. इन्युलिन मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्यानं गॅस वाढतो. पोटासाठी म्हणून खाल्लेल्या डब्यानं पोट फुगतं ते कित्येकदा यामुळेच.

तक्रार आतड्याच्या जुन्या विकाराची असेल तर अपेक्षा जपून ठेवावी. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशननं २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत बहुतेक पचनविकारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस केलेली नाही. आयबीएससाठी (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी वारंवार होणारा आतड्याचा विकार) ते फक्त वैद्यकीय चाचणीचा भाग म्हणून वापरावेत, असं तिथे म्हटलं आहे. प्रतिजैविकं चालू असताना होणारा क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूचा संसर्ग टाळण्यासारख्या मोजक्याच ठिकाणी, ठरावीक वाणांना, त्यांनी अटींसह होकार दिला. एवढ्या जाहिरातींच्या गदारोळात ही गोष्ट रुग्णांपर्यंत पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला नाही, याचंही कारण आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये निरोगी लोकांच्या आतड्यातले नमुने एंडोस्कोपीनं घेऊन पाहिले. प्रोबायोटिक काहींच्या आतड्यात टिकले, काहींच्या आतड्यानं ते सरळ बाहेर घालवले. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातली मूळची जिवाणूसृष्टी सावरायला उलट जास्त वेळ लागला. ते अनेक वाणांचं तयार मिश्रण होतं, दही नव्हतं. तरी प्रतिजैविकांबरोबर काहीतरी घ्यायचंच म्हणून कॅप्सूल सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं. आणि टिकणारे जिवाणूही बहुतेकदा पाहुणेच असतात. खाणं थांबवलं की काही दिवस-आठवड्यांत दिसेनासे होतात. आठवड्यातून एकदा मोठा वाडगा खाण्यापेक्षा रोज थोडं खाणं म्हणूनच बरं.

मग रोज दही खाऊन काय मिळतं? स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी प्रौढांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १० आठवड्यांच्या आहारप्रयोगात आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्या गटाच्या आतड्यातली जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातले दाह दाखवणारे काही निर्देशक उतरले. त्यात योगर्टबरोबर केफिर (आंबवलेल्या दुधाचं पेय) आणि आंबवलेल्या भाज्याही होत्या. प्रयोग लहान आहे, पण मला तो आश्वासक वाटतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मार्च २०२४ मध्ये, आठवड्याला किमान दोन कप योगर्ट खाण्यानं टाइप २ मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो असं लिहायला परवानगी दिली, मात्र पुरावा मर्यादित आहे हे सोबत छापण्याच्या अटीवर.

तुमच्यापुरतं उत्तर हवं असेल तर चार आठवडे एकच दही, एकाच प्रमाणात, बाकीचं जेवण फारसं न बदलता खा आणि रोज रात्री दोन ओळी लिहा: पोट फुगलं का, शौच कसं झालं, दूध किंवा गोड किती झालं. त्याच आठवड्यात नवी कॅप्सूल, नवा तंतूंचा डबा आणि नवा व्यायाम सुरू केला तर कशानं काय झालं ते कधीच कळणार नाही. चार आठवड्यांत काहीच बदल नसेल तर त्या वाणाचा तुम्हाला उपयोग नाही असं समजून दुसरा वाण बघा, किंवा साध्या दह्यावर या आणि पैसे वाचवा.

शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय यातलं काही असेल तर हा चार आठवड्यांचा प्रयोग करत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा. केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले, मोठ्या शिरेत नळी असलेले रुग्ण यांनी प्रोबायोटिक आपल्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय घेऊ नयेत, कारण क्वचित का होईना हे जिवाणू रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांबाबत तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२३ मध्ये स्पष्ट इशारा दिला आहे. अशा बाळांना द्यायचे की नाही हा निर्णय नवजात विभागातल्या डॉक्टरांचा, घरातल्या कोणाचाही नाही.